ऊन लागलं, साहेब

अमडापूर
१९ नोव्हेंबर २०२४

निजामभाई,

तुम्ही व्यसनमुक्ती केंद्रात माझ्या पोराले, शेखरले, सांभाळता, म्हणून आधी नमस्कार अन् मंग तक्रार.

तक्रार अशी की तुम्ही परवा फोन केला. शेखरले मलकापूरले भरती केलं तवाच मी सांगतलं होतं, फोन नोको. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केली, इंजिनाच्या आवाजानं कान गेले. मी फोनवर बोलतो म्हणजे गल्लीले भाषण देतो. तुम्ही इचारलं, किती वर्षांपासून घेते, अन् मी ओट्यावरून ओरडलो, "तीन वर्षं झाली." समोरची म्हतारी लगेच इचारते, काय तीन वर्षं झाली? मी म्हटलं, माझी शुगर. आता ती रोज कारल्याचा रस आणून देते. तवा यापुढं पत्रच लिहा. पोस्टमन माझा जुना दोस्त हाये, तो माझ्याच हातात देते.

गावात आम्ही सांगतलं का शेखर सुरतेले कामाले गेला. रुक्मिणीबाई, म्हणजे आमची मंडळी, तिनं तर सुरतेची खोली कशी हाये, डबा कोण देते, इथपर्यंत सांगून टाकलं. मी म्हटलं, बाई, जरा आवर. उद्या कोणी पत्ता मागन.

तुम्ही लिहून मागतलं का हे सुरू कसं झालं. शेखर चिखली-अमडापूर जीप चालवे. तीन सालाआधी जीप पलटली, कंबर धरली. त्याच्यासंगं जीप चालवणारा शिवम म्हणून एक हाये, त्यानं दुखण्यावर कॅप्सूल देल्ली. दुखणं गेलं, कॅप्सूल राह्यली. मंग कॅप्सूल पुरेना तर पावडर. हे सारं मले शेवटी कळलं. घरात इतक्या डब्या-पुड्या सापडाच्या, मी समजे का गाडीचं काही सामान हाये.

एक गोष्ट तुमच्या फॉर्मात नाही, पण लिहितो. तुमच्याकडं आणाच्या आधी चार दिवस मी त्याले खाटेले बांधून ठेवला. तो ओकला, रडला, मले नाही नाही ते बोलला. त्याची माय दाराबाहेर बसून राह्यली. त्याचे हात सुजले होते, ते मले अजून दिसतात.

तो पक्का बरा कवा होईन, ती तारीख तेवढी कळवा.

रंगराव


मलकापूर
२७ नोव्हेंबर २०२४

रंगरावकाका, सलाम.

फोनबद्दल माफ करा. आता पत्रच लिहीन.

तारीख मात्र मला देता येणार नाही. मी स्वतः हायवेवर ट्रक चालवायचो. शेखर घ्यायचा तेच घ्यायचो. सोडून नऊ वर्षं झाली, तरी माझी तारीख मला अजून माहीत नाही. आजचा दिवस गेला, एवढं रोज रात्री कळतं.

शेखरचं सांगतो. सकाळी आम्ही सगळे गोल करून बसतो आणि ज्याचं त्याने बोलायचं असतं. दहा दिवस तो गप्प होता. अकराव्या दिवशी म्हणाला, "मी शेखर, मी पावडर घेत होतो, आणि बापाने मला बांधलं त्याचा मला राग नाही." तो हे तुम्हाला तोंडावर कधी सांगणार नाही, म्हणून मी लिहितोय. बाकी तब्येत बरी आहे. भाकरी करायला शिकलाय. भाकरी इतकी जाड करतो की इथली पोरं स्वतः फार भुकेली असल्याशिवाय त्याला स्वयंपाकघरात जाऊ देत नाहीत.

डॉक्टरांनी त्याला जिभेखाली ठेवायची गोळी सुरू केली आहे. ती रोज घ्यायची, निदान वर्षभर, कदाचित जास्त. घरी गेल्यावर दर दुसऱ्या मंगळवारी इथे येऊन पुढच्या गोळ्या न्यायच्या. बरेच घरवाले म्हणतात की ही नशेच्या जागी दुसरी नशा. तसं नाही काका. या गोळीने तलफ मरते आणि माणूस कामाला लागतो. तुमच्या गल्लीत कितीजण बीपीची गोळी रोज खातात, तशीच ही.

सुरतेचं वाचून हसलो आणि काळजीही वाटली. माझी अम्मी, बिस्मिल्लाबी, हिने मोहल्ल्यात घरोघर जाऊन सांगितलं होतं की माझा मुलगा नशा करतो, त्याला कोणी जवळ बसवू नका. मी दोन महिने तिच्याशी बोललो नाही. पण इलाज करून परत गेलो तेव्हा लपवायला काही उरलंच नव्हतं. चहाच्या टपरीवरचा माणूसही विचारायचा, निजाम, आज गोळी घेतली का? तुमच्याकडे असं विचारणारं कोण असेल, याचा विचार करा.

निजाम


अमडापूर
२२ जानेवारी २०२५

निजामभाई,

डिसेंबरच्या शेवटी पोरगा घरी आला. संक्रांतीले त्याच्या मायनं मलिदा काय, गुळाच्या पोळ्या काय, पाहुण्यासारखं वाढलं. चार किलो वजन वाढलं त्याचं. सकाळी उठून वावरात जाते, हरभऱ्यात राबते. दोन मंगळवार मलकापूरले येऊन गेला, ते तुमाले माहीतच हाये. राजूर घाटात त्याले गाडी लागते म्हणे. कंडक्टरच्या पोराले गाडी लागते, सांगा आता.

तुमच्या अम्मीले माझा नमस्कार. बाई हिंमतीची हाये. पण आमचं तसं नाही भागत. आमच्या इकडं पोरगा तिशीले टेकला की पोरी भेटत नाहीत. नोकरीवाल्यांले भेटत नाहीत तर जीपवाल्याले कोण देईन? शेखरले सव्वीस लागलं. एकदा का नशेखोर म्हणून नाव झालं का संपलंच.

म्हणून मी स्थळ पाह्यलं. धाड गावचे निवृत्तीभाऊ, तिथल्या बाजारात त्यांचं भांड्यायचं दुकान हाये. पोरगी रुपाली, बी.ए. झाली, शिलाई करते, डोळ्यात पाहून बोलते. शेखरले आवडली. लग्न झालं का पोट्टे ताळ्यावर येतात, हे मी डेपोत शंभर वेळा पाह्यलं. दारू पिऊन गाडीखाली झोपणारे ड्रायव्हर बायको आल्यावर पूजा करू लागले.

पाहाचा कार्यक्रम झाला. निवृत्तीभाऊनं बैठकीत सगळ्यांदेखत इचारलं, पोराले काही नाद? शेखरनं तोंड उघडलं होतं. मी त्याच्या मांडीवर हात दाबला अन् म्हटलं, चहा सोडून काई नाही. सगळे हसले. शेखर नाही हसला. घरी येताना म्हणे, बाबा, मले सांगू द्याचं होतं. मी म्हटलं, सांग ना, लग्नानंतर बायकोले सांग, मी कुठं नाही म्हणतो.

लग्न मे महिन्यात, अकरा तारखेले. तुम्हाले पत्रिका पाठवता येणार नाही, राग मानू नका.

रंगराव


मलकापूर
३० जानेवारी २०२५

रंगरावकाका,

पत्रिकेचा राग नाही. अशी बरीच लग्नं मी इथे बसूनच साजरी केली आहेत.

पण दोन गोष्टी मनावर घ्या, हात जोडून सांगतो. एक, रुपालीला लग्नाआधी कळू द्या. पोरीने नाही म्हटलं तर दुःख होईल, पण शेखर त्यातून उठेल. लपवून केलेल्या लग्नात तो रोज घाबरून जगेल, आणि घाबरला की आमचा माणूस कुठे जातो हे मला ठाऊक आहे.

दुसरी गोष्ट गोळीची. कोणी काहीही म्हणो, ती बंद करायची नाही. बंद झाली आणि काही आठवड्यांनी त्याने पूर्वीइतकंच घेतलं, तर आता ते त्याच्या अंगाला झेपणार नाही. शरीराची सवय गेलेली असते. आमचा अजहर असाच गेला. घरच्यांना वाटलं होतं तो पक्का बरा झाला, म्हणून त्यांनीच गोळी सोडवली. तेवीस वर्षांचा होता.

शेखर दर वेळी येतो तेव्हा तुमच्याबद्दल चांगलंच बोलतो. तुम्ही मांडीवर हात दाबला तेही त्याने सांगितलं, पण हसत सांगितलं.

निजाम


अमडापूर
१७ मार्च २०२५

निजामभाई, सलाम. मी शेखर.

मागच्या खेपेचा मंगळवार जमला नाही. लग्नाची धावपळ आहे, घराला रंग दिला, मीच दिला. तुम्ही काळजी करू नका. चिखलीत एक डॉक्टर भेटले, तेच आता गोळी लिहून देतात. त्यामुळे मलकापूरची चक्कर वाचली.

कंबर अधूनमधून दुखते, पण वावरात काम केलं की कोणाचीही दुखते.

रुपालीशी रोज फोनवर बोलतो. ती लई हुशार आहे. मी कमी बोललो की लगेच म्हणते, आज काय झालं. तिच्याशी बोललं की सकाळच्या गोलात बसल्यासारखं वाटतं. जास्त काही लिहीत नाही.

बाबा खूश आहेत. त्यांना इतकं खूश मी कधी पाहिलं नव्हतं. माझ्यामुळे खूश आहेत म्हटल्यावर कसं तरीच होतं.

पोरांना सांगा, माझी भाकरी आता पातळ होते.

शेखर


मलकापूर
२४ मार्च २०२५

रंगरावकाका,

शेखरचं पत्र आलं. तो लिहितो की चिखलीत एक डॉक्टर ही गोळी देतात. मी चौकशी केली. ही गोळी कुठल्याही दुकानात किंवा दवाखान्यात मिळत नाही, आणि चिखलीत ती देणारं मला तरी कोणी सापडलं नाही. माझी माहिती चुकीची असली तर मला आनंदच होईल.

रोजे चालू आहेत. ईद झाली की मी स्वतः अमडापूरला येतो. कोणी विचारलं तर म्हणा, जुना ट्रकवाला दोस्त आहे. तुम्हाला चालेल ते सांगा, पण मला त्याला एकदा बघू द्या.

निजाम


अमडापूर
२ एप्रिल २०२५

निजामभाई,

येऊ नका.

डॉक्टर नाही चिखलीत. शेखरनं मले वाचवाले तसं लिहिलं. गोळी मी बंद केली. आता ऐका काऊन केली.

तीन मार्चले धाडचे पाव्हणे घर पाहाले आले. पोरीची आत्या फिरत फिरत शेखरच्या खोलीत गेली अन् फडताळावरची गोळ्यायची पट्टी हातात घेऊन बाहेर आली. "हे कायच्या गोळ्या?" मी म्हटलं, माझ्या, पित्ताच्या. ती म्हणे, मलेही पित्त हाये, नाव लिहून घेते. तिनं नाव लिहून घेतलं, निजामभाई. त्या घरात कोणाचा पोरगा मेडिकलवर कामाले असला तर? पाव्हणे गेल्यावर मी पट्ट्या घेतल्या अन् चुलीत टाकल्या. शेखर पाहत होता. तो म्हणे, बाबा, निजामभाईनं सांगतलं ते आठवते ना? मी म्हटलं, दोन महिने काढ, लग्न होऊ दे, मंग मी सोताच तुले मलकापूरले आणून सोडतो.

आठ दिवस त्याले तरास झाला. नाक वाहे, पाय आपटे. मंग बरा झाला. आता महिना झाला एकही गोळी नाही. जेवते, काम करते, हसते. गोळीबिगर राहू शकते हे तर चांगलंच झालं ना? तुम्ही अजहरचं लिहिलं, मी वाचलं. पण प्रत्येकाचं पोरगं अजहर नसते. माझ्या पोराले मी ओळखतो.

लग्नानंतर पयल्या मंगळवारी आम्ही दोघं तुमच्या दारात. शब्द देतो.

रंगराव


मलकापूर
९ एप्रिल २०२५

रंगरावकाका,

तुम्ही येऊ नका म्हणालात, म्हणून येत नाही. पण मनाला पटत नाही.

महिनाभर गोळीशिवाय तो ठीक दिसतोय, हेच मला भीतीदायक वाटतं. आता त्याचं शरीर रिकामं आहे. त्याला एकटा सोडू नका. त्या शिवमपासून दूर ठेवा. आणि लग्नापर्यंत थांबू नका. या मंगळवारी आणा, पुढच्या मंगळवारी आणा, एसटीने आणा नाहीतर मी गाडी घेऊन चिखलीच्या स्टँडवर उभा राहतो. गावात पायही ठेवणार नाही.

उत्तर पाठवा.

निजाम


अमडापूर
३० मे २०२५

निजामभाई,

तुमची तीन पत्रं आली होती. उत्तर देल्लं नाही. आता देतो.

शेखर गेला. सव्वीस एप्रिलले. तुमच्यापर्यंत बातमी आली असन, पण कशी आली ते मले माहीत नाही, म्हणून झालं तसं लिहितो. हे मी कालपर्यंत कोणाजवळ बोललो नव्हतो. रुक्मिणीबाईजवळही नाही.

त्या दिवशी चिखलीले बस्ता होता. दोन्हीकडचे पंधरा-वीस लोक कापडाच्या दुकानात बसलेले. ऊन असं का डांबर चपलेले चिकटे. बाया साड्या उलगडून राह्यल्या होत्या, रुपाली तिथंच होती. शेखरले कोट घालून पाह्यला. निवृत्तीभाऊ म्हणे, जावई शोभते. सगळे त्याच्याकडं पाहून राह्यले होते. त्याच्या कपाळावर घाम आला. तो मले म्हणे, बाबा, पाणी पिऊन येतो. मी म्हटलं, जा. एकटा सोडू नका असं तुम्ही लिहिलं होतं. मी साड्यायच्या गर्दीत बसून राह्यलो.

अर्धा तास झाला तरी आला नाही, तवा मी उठलो. दुकानामागं जीपचा थांबा हाये. शिवमच्या जीपमधी मागच्या सीटवर तो पडला होता. ओठ निळे, श्वास घोरल्यासारखा, तोही थांबून थांबून. शिवम बाजूले उभा होता. म्हणे, "काका, यानं घेतलं. पयले घे तेवढंच घेतलं, जास्त नाही घेतलं."

तेवढ्यात मागून निवृत्तीभाऊ येताना दिसले. मी शिवमले म्हटलं, इथून निघ, कोणाले काही बोलला तर तुले सोडणार नाही. तो पळाला.

निवृत्तीभाऊनं अन् मी उचलून दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरणा होता, भला होता. त्यानं पयल्याच झटक्यात इचारलं, काही घेतलं का यानं? गोळ्या, नशा, काही? निवृत्तीभाऊ माझ्या खांद्याले खांदा लावून उभे होते.

मी म्हटलं, "नाही. ऊन लागलं, साहेब. सकाळपासून उपाशी होता."

त्यांनी बर्फ लावला, सलाईन लावलं. त्या दिवशी उन्हाचे आणखी दोघं तिथंच होते. थोड्या वेळानं डॉक्टरनं शेखरचे डोळे उघडून बॅटरी मारली, मले बाजूले घेतलं अन् परत इचारलं. म्हणे, बाबा, खरं सांगा, याच्यावर इंजेक्शन हाये, पण मले कळलं पाहिजे. दुसऱ्यांदा इचारलं त्यानं, निजामभाई. पडद्याच्या पलीकडं निवृत्तीभाऊचे पाय दिसत होते. मी म्हटलं, पोराले कोणताच नाद नाही.

मले वाटे, आता डोळे उघडन. मले वाटे, इंजेक्शनाबिगरही उठन, तरणं पोरगं हाये. मी मनातल्या मनात अकरा मेपर्यंतचे दिवस मोजत होतो.

मंग दुकानातून बाया आल्या. रुपाली पुढं होती. तिनं शेखरकडं पाह्यलं अन् डॉक्टरले सरळ म्हटलं, "हे पावडर घ्यायचे. मलकापूरले इलाज चालू होता, जिभेखालची गोळी होती. तीच मधी सुटली असन." तिच्या बापादेखत, मायदेखत, सगळ्या वार्डादेखत म्हटलं. डॉक्टर धावला. इंजेक्शन देल्लं. पण तोवर पाऊण तास गेला होता. संध्याकाळी पाच वाजता तो गेला.

तिले सगळं माहीत होतं. शेखरनं तिले फेब्रुवारीतच सांगतलं होतं. ती त्याले म्हणाली होती, गोळी सोडू नका, लग्नानंतर मी संगं येत जाईन मलकापूरले. तो तिले म्हणे, चालू हाये गोळी. तो तिच्याशी माझ्यासाठी खोटं बोलला. मी ज्या पोरीपासून लपवलं तिले माहीत होतं, अन् मी लपवलं म्हणून माझं पोरगं मेलं. हे मी दिवसातून किती वेळा म्हणतो ते मोजत नाही.

डॉक्टर मले काही बोलला नाही. मीच इचारलं, आधी सांगतलं असतं तर? तो खाली पाहून म्हणे, सांगता येत नाही बाबा. तो मले वाचवत होता.

निवृत्तीभाऊ दहाव्याले आले नाहीत. रुपाली आली, एकटी, एसटीनं. शेखरच्या मायपाशी बसली. मी तिच्यापुढं हात जोडले तर म्हणे, मामा, माझ्यापुढं नोका जोडू. मंग ती उठून गेली. ती मले माफ करन का, हे मी इचारलं नाही.

अन् गावात मी काय सांगतलं ते ऐका. इतकं होऊनही मी सांगतलं, ऊन लागलं. येणारा जाणारा म्हणे, यंदाचं ऊनच वाईट. मी मान हलवे.

काल जनकाबाई आली. शिवमची माय, खालच्या आळीत राहते, विधवा बाई. म्हणे, "भाऊ, शिवम तीन दिवस झाले घरात पडून हाये. घाम फुटते, पाय आपटते, जेवत नाही. त्यालेही शेखरसारखं ऊनच लागलं वाटते. कांदा फोडून लावला, पन्हं पाजलं, उतरत नाही. तुम्ही शेखरले कोणत्या दवाखान्यात नेलं होतं?"

त्या दिवशी शिवमले मी हाकलला होता. तो थांबला असता अन् बोलला असता, तर काय झालं असतं ते तुम्हीच जाणा. त्याचा मले राग होता, महिनाभर मी त्याले शिव्या देऊन राह्यलो होतो. अन् त्याची माय त्याच्या कपाळाले कांदा लावत होती.

मी म्हटलं, "जनकाबाई, त्याले ऊन नाही लागलं. शेखरलेही नव्हतं लागलं."

मंग सगळं सांगतलं, कॅप्सूलीपासून दवाखान्यापर्यंत. माझा आवाज तुमाले माहीत हाये. गल्लीत लोक थांबले. रुक्मिणीबाई चुलीवरून उठून दारात आली अन् तिथंच खाली बसली. मी थांबलो नाही.

जनकाबाई पदर तोंडाले लावून ऐकत होती. शेवटी एवढंच म्हणे, "भाऊ, हे तुम्ही त्या दिवशी काऊन नाही बोलले?"

मी शिवमच्या घरी गेलो. त्याले बांधला नाही. त्याच्या बाजूले बसून राह्यलो अन् जनकाबाईले म्हटलं, रस्त्यात कोणत्याही डॉक्टरनं इचारलं तर काय घेते ते आधी सांगाचं, बाकी मंग.

मंगळवारच्या पयल्या गाडीनं आम्ही तिघं निघतो. गोळी त्याले त्याच दिवशी भेटन का दोन दिवस थांबा लागन, तेवढं कळवा. फोन केला तरी चालते.

रंगराव